बाणातला ण

क्लिप अकरा सेकंदांची आहे, कुणाच्या तरी वाढदिवसातली.
आधी फुग्यांची चरचर, मग खुर्च्या सरकतात, मग ती:
"माझं नाव प्रनाली. मी धायरीत ऱ्हाते.
आमच्याकडं पानी एक दिवसाआड येतं."
कुणीतरी म्हणतं, "परत बोल ना, परत,"
आणि ती, भाबडी पोर, परत बोलते.
तिला वाटतं, आवडलंय.

"चौथी ब, फक्त मुलं" असा ग्रुप,
सगळा आयांच्या फोनांवर.
माझ्याही. पासवर्ड शर्विलला माझ्याआधी पाठ.
क्लिपखाली सत्तावीस पिवळी तोंडं,
हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली.
आणि माझ्या नावानं, माझ्या पैठणीतल्या फोटोशेजारी,
एक वाक्य:
"हिला स्वतःचं नावपण येत नाही."
प्रणालीची आईही त्याच ग्रुपवर आहे.
दोन खुणा, निळ्या.

मी गॅस बंद केला.
क्लिप परत लावली, परत.
चौथ्या वेळी ती प्रणालीची राहिली नाही.

औशाहून आलो तेव्हा मी तिसरीत.
कर्वेनगरच्या शाळेत बाईंनी विचारलं, काय गं, काय हवंय?
म्हटलं, पानी.
अख्खा वर्ग पानी-पानी करत सुटला,
डब्यांच्या झाकणांवर ताल धरून.
वर्षभर मग, जीव कोरडा पडला तरी
हात वर केला नाही.
दुपारी मोरीतल्या फुटक्या आरशासमोर:
बाण. खाण. वाण. घाण.
जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड.
एक दिवस जमलं.
त्या संध्याकाळी आईला म्हणाले,
"पानी काय गं, पाणी म्हण. लाज वाटते."
तिनं भरलेला तांब्या खाली ठेवला,
आणि माझ्या मैत्रिणी आल्या की
ती मुकी व्हायला लागली.
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

शर्विलला रागवायला शब्द तयार होते.
शाळेचं पत्रकही होतं फ्रिजवर, पालकांसाठी दहा सूचना.
वाचल्या. दहाही बरोबर होत्या.

जेवताना म्हटलं, "जरा पानी दे."
तो हसला. "आई, काय गं! पाणी."
"पानी. आन् ते लोनचं पन दे, भाजीत मीठ कमी हाय."
नवरा घास हातात धरून बघत राहिला.
मी थांबले नाही.
तीस वर्षं घडी घालून ठेवलेली जीभ,
आधी घड्यांवरच अडकली,
मग अशी सुटली की मलाच नवल वाटलं.
शर्विलचं हसू आधी दोन्ही गालांवर होतं,
मग एकाच.
"नको ना असं बोलू."
"का रं?"
"कुणीतरी ऐकेल."
खाली पार्किंगमध्ये पोरं सायकली फिरवत होती.
तो उष्ट्या हातानं उठला, खिडकी लावून घेतली,
आणि तिला पाठ लावून उभा राहिला.
मला राग यायला हवा होता.
पण तो मला झाकत होता.

मग मी सांगितलं. डबे, आरसा, सगळं.
तांब्याचं मात्र राहिलं.

रात्री फोन घेऊन आला.
"मी लिहिलेलं पुसता येईल?"
"येईल. पण तिथं लिहून येतं, काहीतरी पुसलंय म्हणून."
बराच वेळ अंगठा काचेवर नुसता फिरवत बसला.
"ती परत का बोलली गं, त्यांनी सांगितल्यावर?"
"तुला काय वाटतं?"
काही बोलला नाही. चादर डोक्यावरून ओढून घेतली.

सकाळी व्हॅन आली, नेहमीसारखा उशीर, नेहमीसारखा हॉर्न.

शाळेत काय झालं, मी विचारलं नाही.
तो बोलला का तिच्याशी, मला माहीत नाही.
संध्याकाळी दारात बसून बूट काढताना,
बुटाकडेच बघत, आपणहून म्हणाला:
"तिच्या बाटलीचं झाकण तुटलंय.
दोऱ्यानं बांधलंय, निळ्या.
आज दिवसभर तिनं ती उघडलीच नाही."