कुसळ

भाड्याच्या घरात पाच सुऱ्या होत्या.
पाचही टोमॅटोवरून घसरायच्या
सरकारी उत्तरासारख्या.
कप उलटा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर
घासून बघितलं. कप चरला,
सुरी होती तशीच.

चोपड्याला आई विळीचं पातं
न्हाणीतल्या दगडावर दोनदा ओढायची, की झालं.
विळी जागची हलत नाही,
भाजीच चालत जाते तिच्याकडे.
ग्रिम्सबीत भाजी बसून असते.

डोरीनबाई ब्लँचर्ड, वय चौऱ्याऐंशी.
मंगळवारी-शुक्रवारी त्यांचे पाय धुणं, गोळ्या मोजणं माझ्याकडे.
माझ्या अंगठ्यावरची पट्टी बघून म्हणाल्या,
"बोथट सुरीनं कापलंस.
धारेची सुरी सांगू तिथेच जाते.
शुक्रवारी घेऊन ये."

घेऊन ये म्हणणं सोपं.
इथे पिशवीत सुरी असेल
तर कारणही असावं लागतं तिच्याशेजारी.
मी ती टॉवेलात गुंडाळली, टॉवेल डब्यात,
डबा वर्तमानपत्रात,
आणि फ्रीमन स्ट्रीट येईपर्यंत
मनातल्या मनात इंग्रजी घोकत राहिले:
साहेब, कांद्यासाठी. साहेब, एका म्हातारीकडे.
पुढच्या सीटवरचं बाळ
माझ्याकडे बघून हसायचं थांबत नव्हतं.

दगड बादलीत बुडालेला. बुडबुडे वर येत होते.
"पिऊ दे. मागतोय तोवर द्यायचं."
आमच्याकडे विळा पाजवतात, म्हटलं,
लेकराला पाजतात ना, जवळजवळ त्याच शब्दानं.
त्यांना कळलं नाही. माझं इंग्रजी तिथवर पोचत नाही.

बोटं आल्याच्या कुडीसारखी, सुरी धरवत नाही,
म्हणून खुर्चीत बसून त्या नुसता आवाज ऐकायच्या.
दोन पेन्या एकावर एक, त्यांवर सुरीची पाठ.
"हा कोन. आता पेन्या काढ,
कोन मनगटात ठेव."
"टाचेकडून टोकाकडे."
"तो चिखल पुसू नकोस, तोच काम करतो."
"आत्ता मनगट पडलं."
डोळे मिटलेले होते त्यांचे.

एकवीस वर्षं, रात्री दोनपासून, गोदीत
बर्फाच्या पाण्यात हात घालून
हॅडकचे काटे वेगळे केले या बाईनं.
बोटं तिथेच राहिली, म्हणतात,
घरी आणल्या त्या नुसत्या कळा.

मग पात्याच्या दुसऱ्या अंगाला
अंगठा आडवा फिरवायला लावला.
काहीतरी खरखरलं,
गव्हाच्या ओंबीवर असतं तसं.
"तार आली?"
आली. माझ्याकडे तिला कुसळ म्हणायचं.
दिसत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं तेवढं दिसतं.
"आता उलटी बाजू. हलक्या हातानं.
शेवटी-शेवटी वजन फक्त सुरीचं."

लपवायला आणलेल्या वर्तमानपत्रावर
पातं मागे-मागे ओढलं, दहा वेळा.
कुसळ गेलं.
मग तेच पान हवेत धरलं,
आणि खासदाराचा फोटो
आवाज न करता दोन झाला.

निघताना त्यांनी खणातून आपली सुरी काढली.
पातं झिजून-झिजून करंगळीएवढं.
"घे. पण आधी पैसा दे,
फुकटची सुरी मैत्री कापते."
आमच्याकडे मीठ हातावर देत नाहीत, ते आठवलं.
पाकिटात नुसती कार्डं.
टेबलावरच्या पेन्यांकडे हात गेला, तर
"माझ्याच पैशानं? लबाड!"
पर्सच्या फाटक्या अस्तरात एक रुपया निघाला.
त्यांनी तो ओल्या दगडावर वाजवून बघितला.
"पोलाद आहे," म्हणाल्या,
आणि कार्डिगनच्या खिशात टाकला.

एजन्सीच्या नियमात भेट घ्यायला बंदी आहे.
ही खरेदी होती.

परतीच्या बसमध्ये माझ्याजवळ दोन सुऱ्या होत्या
आणि घोकलेलं सगळं इंग्रजी
मी विसरून गेले होते.
घरी आले तर
टोमॅटो संपलेले.