मामाची मांडी

भाचीचे कान टोचायचे तर मांडी मामाची लागते,
एवढ्यासाठी सबस्टेशनवर बदली माणूस बसवून
गिरडच्या बाजारात आलो.

तारांशी माझं रोजचंच.
अकरा हजाराची लाइन असो
नाहीतर तुरीच्या धुऱ्यावर लोंबलेला तुकडा,
हात कापत नाही माझा.
पण ही तार सोन्याची, केसापेक्षा थोडी जाड,
चहाच्या गंजात उकळत होती
आणि मी आपला तिच्याकडे बघत होतो.

मागच्या बाजारी काटोले सोनारानं
आम्हाला तसंच परत लावलं होतं.
पोरीच्या गळ्याला हाताची पाठ लावून म्हणाला,
"अंगात कणकण हाये, आन् टोचता?
साडेतीन महिन्याची सुई झाली काय? कार्ड दाखवा."
ताईच्या सासूबाई म्हणाल्या, मुहूर्त टळतो.
तो म्हणाला,
"मुहूर्त माह्या सुईले नाही कळत, बाई."
सोनारानंच कान टोचावे म्हणतात.
त्यानं आधी आमचे टोचले.

आज मात्र त्यानं साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत.
निळ्या शाईचा ठिपका दिला, मागे सरकून पाहिला,
पुसला. पुन्हा दिला.
"कान दोन असतात, जुळे नसतात," म्हणाला.
सासूबाईंनी गुळाचा खडा काढला, तर
"गूळ नोको, झाल्यावर मायनं पाजावं."
आणि मला, "धर पक्की. हलू देजो नोको."

मी धरली.
कपाळावर एक तळवा, हनुवटीखाली दुसरा,
उन्हात ठेवलेल्या वाटीसारखं ऊबदार डोकं.

माझ्या उजव्या पाळीला बोराएवढी गाठ आहे.
सोनं नव्हतं घरात, सोनार दूर,
आईनं बाभळीच्या काट्यानं टोचला
आणि खराट्याची काडी घातली.
महिनाभर चिघळला. त्यात चुलीची राख भरली,
जो सांगेल ते भरलं.
पुढं आई डोक्याला तेल लावायची तेव्हा
तिचा हात त्या कानापाशी आला की
वळसा घालून जायचा.
मी शाळा सोडली, लाइनवर लागलो,
तरी वळसा तसाच.
आज ती असती तर ओसरीत तोंड फिरवून बसली असती.

डावा कान आधी, मुलगी म्हणून.
आवाज काहीच झाला नाही.
रडणं यायलाही वेळ लागला,
आधी तिनं वर बघितलं,
माझ्याकडे.
सोनाराकडे कोण बघतं?
ज्यानं धरलं त्याच्याकडे बघतात.

मग रडली. बाजूचा कांदेवाला
तराजू हातात धरून थांबला.
दुसरा कान झाला तो मला आठवत नाही.

नारळ, तांदूळ, मजुरी कागदावर ठेवून घेत
काटोले बोलत राहिला,
"मिठाचं पाणी उकळून गार करा, कापसानं पुसा.
तार उगीच फिरवू नोका. टोपडं सैल बांधा,
दोऱ्यात गुतते, अन् झोपेत वढलं जाते.
राख नाही, शेंदूर नाही.
लाल झालं, पू आला,
त माह्याकडं नाही, सीधं दवाखान्यात.
अन् हात धुतल्याबिगर कोणीच कान धरू नोका."
हे शेवटचं त्यानं तीनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा माझ्या पाळीकडे बघत.

संध्याकाळी लाइट गेली.
फोन आला, कुठलासा फ्यूज उडाला,
म्हटलं आज बदलीवाल्याला पाठवा.
पोरगी माझ्या मांडीवर, दूध पिऊन सुस्त,
कानांत दोन बारीक ठिणग्या.
अंधारात चाचपत तिला माझी गाठ सापडली.
तिनं मुठीत घेतली आणि ओढली, जोर लावून,
वळसा वगैरे काही न घालता.

दुखलं नाही. तिथं काही दुखत नाही कधीचं.

आतून ताई ओरडली,
"अरे, हात धुतले काय तिचे?"