पॉइंट सत्तर

श्रेणिक मगदूम शटर उघडायच्या आधीच दारात.
वडिलांची एस्टीम, अठ्ठ्याण्णवची.
हेड कोल्हापूरला उद्यमनगरात घासून आणलंय,
फिल्टर मोकळा, सायलेन्सर मोकळा,
कॅम जरासा तिखट.
"सगळं केलं अण्णा, पण चढाला चौथ्यात
पाय दाबला की उचकी लागते."

मी म्हणालो, कोण एवढी आठवण काढतंय तिची?
तो हसला नाही.
त्याला कुणीतरी सांगितलंय,
गॅप वाढव, ठिणगी मोठी पडते.
वाढवलाय पठ्ठ्यानं. एक पॉइंट दहा.

इंजिन गार होऊ दिलं.
तापल्या हेडातनं प्लग काढला तर आटे रुसतात,
आणि ॲल्युमिनियमचा रुसलेला आटा
कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
तोवर चहा.
मिरजेत चहासुद्धा नुसता पिता येत नाही,
पलीकडच्या गल्लीत कुणीतरी तंबोरा लावत असतो,
तारेखाली दोरा सरकवतो, मागं, पुढं, केसभर,
आणि एकदम लाकूड बोलायला लागतं.
मी तिकडं कधी गेलो नाही.
माझे हात हे असे. भोपळ्याला डाग पडायचे.

चार प्लग ओळीनं पेपरवर.
चहात बुडवलेल्या टोस्टाचा रंग हवा,
तर चौघेही खडूसारखे पांढरे,
आणि तिसऱ्याच्या चिनी मातीवर मिरपूड सांडल्यागत ठिपके.
हमीदचाचा शिकलगार म्हणायचे,
प्लग खोटं बोलत नाही,
गाडीचा मालक बोलतो.

म्हणून एक नंबर थंड.
दोन नंबर थंड मागत होता, दिला नाही.
मार्केटात रांगत चालली की काजळी धरेल,
आणि ही गाडी काही रेसला जात नाही.
मागच्या सीटवर एक्स-रेचं पाकीट होतं,
त्यावर आईचं नाव.
त्याबद्दल तो बोलला नव्हता, मीही विचारलं नाही.

आता गॅप.
हेड घासलं की आत दाब वाढतो,
दाटीत ठिणगीला उडी जड जाते.
कॉइल जुनीच आहे.
तिच्यात जेवढा दम, तेवढीच दरी द्यावी.
पॉइंट सत्तर.

फीलर गेज चाचांचा.
पात्यांवरचे आकडे निम्मे त्यांच्या बोटांनी पुसले, निम्मे माझ्या.
शिवाय असते तरी दिसले नसते,
चाळिशी मी घरीच विसरतो.
रोज.
सत्तरचं पातं हाताला पाठ आहे,
अडलं पाहिजे, अडकता कामा नये,
वहीत दाबून ठेवलेली नोट ओढताना
लागते तेवढीच ओढ.

बाजूची दांडी वाकवायची, हळू,
मधल्याला हात लावायचा नाही.
तीन मी केले. चौथा श्रेणिकला दिला.
घट्ट. मग सैल. मग पुन्हा घट्ट.
मग पातं असं निघालं
की तो श्वास सोडायचा राहिला.

तो टायरची हवा बघायला गेला, तेवढ्यात
पानपट्टीवाल्या बाबूची चाळिशी आणली,
ड्रॉवरमधला नवा गेज काढला.
त्याचा सत्तर.
माझे दोन सत्तर.
माझा एक ऐंशी.

कुणाला काही बोललो नाही.
परत वाकवला. परत पातं.
बाबूची काच माझ्या घामानं धुरकटली.

प्लग बोटांनी बसवले, बोटं थांबली तिथपर्यंत,
मग पान्यानं अर्धा फेरा, वायसर दबेपर्यंत, बास.
जोर दाखवायची ही जागा नव्हे.

दंडोबाच्या चढाला श्रेणिकनं चौथ्यात पाय दाबला.
दाबूनच ठेवला.
मी डॅशबोर्डवर हात टेकून बसलेलो,
कान पुढं.
वळणावर मागं एक्स-रेचं पाकीट सीटवरून घसरलं.
तेवढा आवाज झाला.
दोघांनीही ऐकला.