ओळंबा

ही किल्ली. दोनदा फिरव,
पहिल्यांदा ती नाहीच म्हणते.
वाकून ये बेका, डोकं आपटेल.
इथं बाराही महिने आठ अंश.
बाहेर अक्रोड पिकोत नाहीतर कडे कोसळोत,
भिंतीच्या पोटात ऋतू एकच.

हा ओळंबा.
गवंड्याच्या हातात असतो तोच,
फक्त दोरीच्या जागी पोलादी तार, साठ मीटर,
आणि खाली वजन, तेलाच्या पिंपात बुडवलेलं,
झुलू नये म्हणून.
तू आणलेली पेटी इथं बसेल.
तिचा तांबडा किरण तारेला शिवेल
आणि आकडे परस्पर तिबिलिसीला जातील.
चांगलंच आहे.
तीनशे बारा पायऱ्या आता मला मोजून घ्याव्या लागतात.

पण आधी ही वही बघ.

मे संपता संपता वर हिमनदी सुटते,
जलाशय चढू लागतो.
पाणी धडका देत नाही रे,
नुसतं टेकतं,
सगळ्या अंगानं टेकतं.
आणि भिंत सरकते.
हसू नकोस. तुला पुस्तकातून ठाऊक असेल,
मला बोटांनी.
तसूभरही ढळणार नाही, असं पुढारी बोलतात.
आमची ही दर उन्हाळ्यात दोन तसू ढळते,
हिवाळ्यात पाणी उतरलं की मागे येते.
म्हणून तर उभी आहे.
पुरती मात्र येत नाही मागे.
एकोणतीस वर्षांत तीन मिलिमीटर
कुठंतरी राहून गेलेत.
त्यावर मोठ्या साहेबांनी प्रबंध लिहिला.
मी समासात लिहिलंय: वय.

गुरामला, माझ्या नवऱ्याला, हे पटलं नाही.
अठरा नंबरचा ठोकळा त्यानं ओतलेला,
रात्रपाळीत, घमघमत्या सिमेंटात गुडघ्यापर्यंत.
‘मी ओतलेलं हलत नाही.’
मी वही पुढं केली.
तीन दिवस अबोला.
चौथ्या दिवशी चीज संपलं म्हणून बोलला.

या पानांवर मेण सांडलंय, ते त्र्याण्णवचं.
पगार नाही, पाव रांगेत, गावात मिट्ट काळोख.
भिंत या तीरावर, टर्बाईनं पलीकडे,
मधे लढाई.
दिवसा तिकडचे इकडच्यांवर गोळ्या झाडत,
इकडचे तिकडच्यांवर,
आणि रात्री अकराला फोन वाजायचा.
‘कलबातोनो, पाणी किती सोडताय?’
बाताल त्याचं नाव. चेहरा मी कधी पाहिला नाही.
मी आकडा सांगायची, तो परत म्हणून दाखवायचा,
तेवढंच.
एकदा विचारलं त्यानं, तुमच्याकडे दिवे आहेत का?
नाहीत, म्हटलं.
आमच्याकडेही नाहीत, तो म्हणाला.
मग बराच वेळ
दोघं पाण्याचा आवाज ऐकत राहिलो,
आपापल्या टोकाचा.

आणखी काय सांगायचं राहिलं?
हा झिरपा. बारीकसा. घाबरू नकोस त्याला.
बादली लाव, घड्याळ लाव, लिही.
पाणी स्वच्छ येतंय तोवर झोप लागू दे.
गढूळ आलं तर कुणाचीही परवानगी विचारू नकोस,
धावत वर जा.
तुझ्या पेटीला रंग कळत असेल तर मला माहीत नाही.

शेवटच्या वर्षी गुराम खाटेला लागला.
रोज संध्याकाळी, मी बूट काढायच्या आत, विचारायचा,
‘आज किती?’
एक्कावन्न पूर्णांक तीन.
एक्कावन्न पूर्णांक सात.
‘हं,’ म्हणायचा, आणि भिंतीकडे कूस वळवायचा,
घरातल्या, साध्या विटांच्या.

चल. आजचं माप मीच घेते.
तू दिवा धर. इतका जवळ नको.
आणि श्वास जरा आवर,
तार उच्छ्वासानंसुद्धा
हलते.