झेपेल तेवढं

मात्रोना पेस्त्रिकॉफनं तीन पिस्तुलं टेबलावर मांडली,
बाजारात मासे मांडावेत तशी, शेपट्या आपल्याकडे करून,
आणि म्हणाली, क्रिसांतो,
यातलं कुठलं मोठी गोळी पचवेल?

बाहेर कोडियाकच्या धक्क्यावर धुकं.
दाराच्या फटीतून कॅनरीचा वास.
तेवीस वर्षं मी तिथं डबे बंद करणारी यंत्रं सांभाळली,
मग बंदुका. फार फरक नाही.
दोन्हीकडे एक स्प्रिंग असते,
सगळ्यांच्या वाटणीचा मार खाणारी,
तुटेपर्यंत तिची कुणी चौकशी करत नाही.

मात्रोना ओढ्यावर सामन मोजते.
जून ते सप्टेंबर, पाटावर बसून, हातात टिकटिक मोजणी.
यंदा एक अस्वली दोन पिल्लं घेऊन
तिच्या पाटापर्यंत आली. पाहून गेली.
गेली, पण पाहून गेली.

पहिलं निकेलचं, चकचकीत.
लग्नाच्या पंचविशीला नवऱ्यानं दिलेलं.
स्लाइड ओढून पाहिली. पातळ.
हे तुझ्या देवाच्या कोपऱ्यात ठेव, म्हटलं,
मेणबत्तीच्या उजेडात छान दिसेल.
ती हसली नाही.

दुसरं येफिमचं.
येफिम म्हणजे भाऊ, बोटीसकट गेलेला.
पिस्तूल तेवढं त्या दिवशी घरी विसरलं होतं.
जुनं पोलाद, जड, पट्ट्याला घासून निळाई उडालेली.
हेच, ती म्हणाली. हेच करून दे.
मी नुसतं हं केलं.

नळी काय, नवी बसते.
नळी बदलली की माणसाला वाटतं, अंगात बळ आलं.
पण जे पुढं जातं
त्याचं देणं मागं चुकवावं लागतं, तिथल्या तिथं, रोख.
थोडं स्लाइड भरते, थोडं स्प्रिंग,
थोडं सांगाडा,
उरलंसुरलं मनगट.

म्हणून मी घाई करत नाही.
रॉकेलनं सांगाडा पुसला. कोरडा केला.
वर खडूची पूड धरली, आणि कॉफी ओतली दोघांना.
कॉफी अर्धी झाली तेव्हा
पांढऱ्यातून एक ओली रेघ वर आली.
केसाएवढी. ट्रिगरच्या वरच्या अंगाला.

पडलं होतं का कधी, मी विचारलं.
नाही.
मग कुणीतरी यातून आधीच जास्तीची गोळी मारलीय.
एकदा नाही. खूपदा.

ती रेघेकडे बघत राहिली.
येफिम म्हणे अस्वलांना नावानं हाका मारायचा.
येफिम म्हणे खिशात हात घालून झाडीत शिरायचा.
गावात अजून सांगतात.

म्हणजे घाबरायचा, ती म्हणाली.
घाबरायचा तर, मी म्हटलं, सगळ्यांसारखा.
मेला, पण बोलला नाही, ती म्हणाली, आणि तेव्हा हसली,
इतकं की कॉफी खडूत सांडली.

तिसऱ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
अँकरेजच्या कुठल्याशा मयताच्या सामानातून आलेलं,
मुठीवर दुसऱ्याच कुणाची अक्षरं कोरलेली,
दिसायला पाण्याच्या नळासारखं.
पण भिंती जाड, बिजागरी घट्ट,
आणि कुठंही हौस नाही.

हे घेईल, म्हटलं. आता मनगट दाखव.
माझं कशाला?
दाखव.
विंचमध्ये सापडलेलं, वाकडं सांधलेलं हाड
माझ्या दोन बोटांखाली लागलं.
मी मनातल्या मनात आकडा एक पायरी खाली आणला.

तिला ते कळलं.
अस्वलीची झेप मोजतोस, विचारत होती,
की मला काय झेपेल ते?
मी पावती लिहायला घेतली.

एक नग, नळी व स्प्रिंग बदलणे.
एक नग, निकेल, तेलपाणी.
एक नग, जसा आहे तसा परत.

फडकं उचललं तर तिनं हात धरला.
रेघ पुसू नकोस, म्हणाली,
आणि खडूसकट ते
येफिमच्या जुन्या लोकरी मोज्यात घालून घेऊन गेली.