दोन्ही कान दिसू देत

स्टुडिओत दिवसाला पंचवीस-तीस वेळा मी हेच म्हणतो,
मान सरळ. हनुवटी जरा खाली.
केस मागे घ्या, दोन्ही कान दिसू देत.
लोक आरशात डोळे बघतात, दात बघतात, भांग पाडतात.
कान आहेत, हे पासपोर्टला अर्ज करेपर्यंत
कुणाच्या ध्यानात नसतं.

सोमवारी शटर खाली. स्कूटर काढतो
आणि रत्नागिरीचे कान शोधायला निघतो.

दीपगृह नको, मांडवीची जेटी नको,
सूर्यास्त तर मुळीच नको.
कॅलेंडरवाल्यांनी तो काढून काढून
साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत केलाय.
मी उलट्या अंगाला वळतो, कुवारबावच्याही पलीकडे,
जिथे गावाची पाटी मागून दिसते.
नुसता पत्रा, गंज,
आणि खडूनं लिहिलेलं, बोअर मारून मिळेल,
खाली नऊच आकडे.

सड्यावर वारा आणि मी.
होडीचा फायबरचा साचा पालथा पडलाय,
दर्यापासून तीन कोस आत.
त्याच्याखाली एक कुत्री व्यालीये,
पाच पिल्लं, एक काळं.
काजूच्या कारखान्यामागे टरफलांचा ढीग,
हात लावला तर आठवडाभर सालपटं निघतील.
बंद कॅनिंगच्या दारात क्रेटांची चळत,
पिवळी होती कधीतरी.
हे सगळं मी घेतो. घाई नसते. इथे कुणी पापण्या मिटत नाही.

कलमांच्या गडग्यावर टेकबहादूर बसलेला,
फोनवर त्याच्या डोंगरातलं कुणाचं तरी लग्न बघत.
माझा पण एक काढा, म्हणाला,
पण ती खोपी नको यायला. झाड येऊ दे. मोठं वालं.
मी तर खोपीसाठीच थांबलो होतो,
ताडपत्री, तिच्यावर टायर, दाराला साडी.
झाड घेतलं. मोठं वालं.
नंतर, तो पाठमोरा झाल्यावर, खोपीही घेतली
आणि घरी येऊन पुसून टाकली.

चिरेखाण संपली की परत कुणी भरत नाही.
करवतीनं कापल्यासारख्या लाल भिंती,
तळाशी हिरवं पाणी, त्यात आभाळाचा चौकोनी तुकडा.
यल्लव्वा कपडे आपटत होती.
आवाज भिंतीवरून उशिरानं परत यायचा,
म्हणजे दुसरीच कुणी बाई
पलीकडे तेच कपडे धूत असावी.
समुद्र तिकडं, तिनं ओला हात लांब करून दाखवलं.
मला रस्ता चुकलेला समजतात सगळे.
मीही हो म्हणतो. सोपं पडतं.

मग हमरस्त्याला लागून ते घर.
अर्धी पडवी गेलेली, उरलेल्या भिंतीवर
तांबड्या रंगात ४७/अ आणि एक बाण, बाण घराकडे.
कॅमेरा डोळ्याला लावला तशी
लक्ष्मीबाय गोताड सूप टाकून उठल्या.
आनि किती मीटर जानार तुमचा रस्ता?
म्हटलं, मी रस्त्याचा नाही हो, फोटोवाला. लग्नाचे काढतो.
हितं कुनाचं लगीन?
मला उत्तर सुचलं नाही.

त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं.
पण इस्त्रीचं लुगडं नेसून बाहेर आल्या,
कपाळावर नवं कुंकू, पदर डोक्यावरून घट्ट,
आणि भिंतीला पाठ लावून अशा उभ्या राहिल्या
की आकडा पुरता झाकला गेला.
बाणाचं टोक तेवढं दंडापाशी उरलं.

आता मी म्हणायला हवं होतं, जरा डावीकडे सरा,
पदर मागे घ्या, कान दिसू देत.
तोंडापर्यंत आलंही होतं.

काढ, बाबा, त्या म्हणाल्या.

बटण दाबायच्या आधी वळणापलीकडे
जेसीबी मागे येऊ लागला, टी, टी, टी.
पदराआडून त्यांना आणि कॅमेऱ्याआडून मला
तो एकदमच ऐकू आला.
फोटोत त्या किंचित उजवीकडे बघतायत.