विल्मा सप्टेंबर, शर्यतीच्या आदल्या रात्री

माझं आडनाव सप्टेंबर.
पणजोबांचे कुणी पणजोबा ज्या महिन्यात
केपच्या धक्क्यावर विकले गेले,
तो महिना मालकाने त्यांना चिकटवला.
खरं नाव विचारायला वेळ नसेल.
शर्यतही सप्टेंबरातच आली आहे.
डेसमंड म्हणतो, विल्मा, ही तर तुझ्या घरची शर्यत!
मी म्हणते, आधी पोचू दे.

रात्री दोन ते सकाळी दहा, वूस्टरच्या बेकरीत
पाव कापायच्या यंत्रापाशी मी.
वीस काप, पिशवी, चाप.
वीस काप, पिशवी, चाप.
बावीस वर्षं.
पिठाने भुवया पांढऱ्या होतात, मग कुणी वय विचारत नाही.
आणि मार्चपासून त्यातला कणही माझ्या पोटात नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरने कागद फिरवून माझ्यापुढे धरला.
आकडा ओळखीचा होता. आईचा.
आईचा आधी अंगठा गेला, मग पाऊल,
मग गुडघ्याखालचं सगळं.
शेवटच्या वर्षी ती म्हणायची, विल्मा, टाच खाजव गं जरा,
आणि मी चादर खाजवायचे.

म्हणून अंडी. म्हणून किसलेला फ्लॉवर, भाताऐवजी
(भातासारखा लागत नाही, उगाच कशाला खोटं बोला).
कोंबडी कातडीसकट. लोणी, हात न आखडता.
आणि स्नूक मासा, निखाऱ्यावरचा,
पण वरून जर्दाळूचा जॅम नाही.
आमच्याकडे जॅमशिवाय स्नूक म्हणजे
नवरदेवाशिवाय वरात.

दहाला सुटले की द्राक्षमळ्यांमधल्या रस्त्याला लागायचं.
जूनमध्ये वेली नुसत्या काटक्या, डोंगरावर बर्फ,
आणि माझे पाय कुणा दुसऱ्या बाईचे,
तिने उसने दिलेले, नाखुशीने.
तिसऱ्या किलोमीटरला डोकं हलकं,
चौथ्याला रस्ता लांब ओढल्यासारखा.
डेसमंड केळं पुढे करायचा.
तेलाशिवाय दिवा जळतो का, म्हणायचा.
मी कमरेवर हात ठेवून दाखवायचे,
तेल काय कमी आहे इथे?
पुढे कळलं, मीठ कमी पडत होतं.
आता खिशात मिठाची पुडी असते,
आणि रस्ता आपल्या मूळ लांबीवर आला आहे, जवळजवळ.

एक सांगायचं राहिलं.
जुलैत एकदा, पहाटे साडेतीनला,
एका पावाचा शेंडा यंत्रातून तिरका निघाला,
गरम, विकायच्या लायकीचा नाही.
मी तो रॅकच्या मागे उभ्याने खाल्ला.
मग दुसरा. मग चार.
झोलेकाने भट्टीकडून पाहिलं आणि पाठ फिरवली, देव तिचं भलं करो.
त्या सकाळी मी अशी धावले म्हणता!
पाय माझे, वारा माझा, मळ्यातली कुत्रीसुद्धा मागे पडली.
वाईट वाटलं ते त्याचंच.
घरी येऊन बोट टोचलं.
आकडा आईचा.

शर्यत सकाळी सातला.
झोलेकाने माझी पाळी घेतली आहे,
बदल्यात तिच्या नातवाच्या बारशाचा केक मी करायचा,
ज्याचा मी घासही खाणार नाही.
नंबर बनियनवर टाचला, दोनदा वाकडा, तिसऱ्यांदा कसाबसा.
डेसमंड म्हणाला, सहाव्या किलोमीटरला टेबल असेल,
कोकचे पेले, संत्र्याच्या फोडी.
लोक हात लांब करून देतील, नाही म्हणायला जड जाईल.
जाईल.
दहा किलोमीटर मी अजून एकदाही पुरे केलेले नाहीत.
साडेआठ केले आहेत. उरलेले दीड
उद्या बघू कुठून येतात ते.

झोप नाही. पलंगाच्या कडेला बसून
नवे मोजे घालून बघते आहे.
उजवी टाच खाजते.
मोजा काढते. खाजवते.
थोडं जास्तच वेळ.